कर्णबधिरांच्या समतेसाठी संशोधन कशाला हवे?

आपल्या माढा तालुक्यात गावोगावी कर्णबधिर माणसाला आजही 'मुका' म्हटले जाते. त्याला बोलता येत नाही, म्हणजे भाषा नाही, म्हणजे अक्कलही कमी, असे लोक धरून चालतात. हा समज खोटा आहे, हे संशोधनाने सिद्ध केले आहे. म्हणून समतेच्या चळवळीने या संशोधनाकडे पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१८८० साली इटलीतील मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्यानंतर अनेक पिढ्यांतील मुलांवर ओठ वाचण्याची आणि आवाज काढण्याची सक्ती झाली. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी दाखवून दिले की हातांच्या भाषेलाही स्वतःची रचना असते. भारतात १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर येथील खुणांचा अभ्यास केला. शहरागणिक काही खुणा बदलतात, पण बऱ्याच खुणांचे एकमेकींशी नाते आहे, असे त्यांना आढळले. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर आहेत, हे विशेष.

अशा अभ्यासामुळे हक्काच्या मागणीला पुरावा मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला संवादाचे साधन म्हणून स्थान आहे. ही भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारीही त्यात आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा कोश दिला.

पण कायदा आणि कोश घरापर्यंत पोहोचले का? बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. पहिल्या काही वर्षांत मुलाला कोणतीच भाषा मिळाली नाही, तर पुढे वाचन आणि शिक्षणही मागे पडते, असे अभ्यास सांगतात. म्हणून अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून मुलाचे कान वेळीच तपासून घ्यावेत आणि घरातल्यांनीही खुणा शिकाव्यात.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख ७० हजार लोकांना ऐकण्याचे अपंगत्व असल्याची नोंद आहे. त्यांतील किती जणांना सांकेतिक भाषा येते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ही माहिती गावपातळीवर गोळा करता येईल. जयंतीच्या सभेतले भाषण, ग्रामसभेतला ठराव, दवाखान्यातला सल्ला आपल्या कर्णबधिर बांधवांना कळतो का, हे त्यांनाच विचारू या. त्यांच्या उत्तरांची नोंद ठेवू या. मागणी करताना तोच आपला पुरावा असेल.