नेत्रभिंगातील प्रथिने आणि मोतीबिंदूचे ‘पिकणे’

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेपासून फार दूर नाही. झाडीबोलीची सामग्री गोळा करण्याच्या निमित्ताने तेथे माझे काही दिवस गेले. शरीरावयवांची नावे विचारीत असता एका वृद्ध शेतकऱ्याने ‘डोळा’ यासाठी ‘डोरा’ हे रूप सांगितले. झाडीबोलीत ‘ळ’ नाही. त्याच्या जागी ‘र’ येतो. लगेच स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे बोट करून ते म्हणाले की, यात मोतीबिंदू आहे, पण तो अजून पिकला नाही. पिकला म्हणजे काढू. रूपाची नोंद वहीत झाली. वाक्य मात्र मनात राहिले. धान पिकल्यावर कापावयाचे, आंबा पिकल्यावर उतरावयाचा आणि मोतीबिंदू पिकल्यावर काढावयाचा, अशी ही सरळ कृषकाची भाषा आहे. डोळ्यात नेमके काय पिकते, या प्रश्नाने मला माझ्या शास्त्राच्या कुंपणाबाहेर नेले. तेथे जे वाचावयास मिळाले ते येथे मांडीत आहे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण या रोगाच्या नावांतच त्याविषयीच्या जुन्या उपपत्ती दडलेल्या आहेत. हिंदीत मोतियाबिंद ‘उतरतो’. अरबी वैद्यकात या रोगास ‘पाणी उतरणे’ अशा अर्थाचे नाव होते. त्याच्या लॅटिन भाषांतरातून धबधब्याचा वाचक असलेला शब्द रूढ झाला, आणि तोच आजचा ‘कॅटॅरॅक्ट’ होय. मराठीत आपण डोळ्यावर ‘पडदा आला’ असे म्हणतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. काहीतरी परके द्रव्य कोठून तरी येऊन दृष्टीच्या आड बसले, अशी ती कल्पना होय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावर शलाकेने करावयाची क्रिया वर्णिली आहे. तीत दृष्टीआड आलेला अडथळा बाजूस सारला जाई. युरोपातही अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत हा अडथळा म्हणजे भिंगासमोर साकळलेला द्रव असेच बहुतेक वैद्य मानीत. १७०५ साली ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर शलाकाक्रिया करून नंतर तो डोळा उघडून पाहिला, तेव्हा खाली सरकलेली वस्तू म्हणजे गढुळलेले भिंगच होते असे दिसून आले. पडदा बाहेरून आलेला नव्हता. जी खिडकी होती तीच धूसर झाली होती. या दृष्टीने पाहता ‘उतरणे’ व ‘पडदा येणे’ यांहून आपला ‘पिकणे’ हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे. फळ पिकते ते त्याच्याच अंतर्द्रव्यात पालट होऊन.

हे अंतर्द्रव्य मोठे विलक्षण आहे. भिंगाच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. शरीरातील अन्य कोणत्याही ऊतीत प्रथिनांची एवढी दाटी क्वचितच आढळेल. या दाटीमुळेच भिंगास प्रकाश वाकविण्याची शक्ती येते. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. त्याचे तंतू पक्व होताना आपले केंद्रक व इतर अंगके टाकून देतात, कारण त्यांनी प्रकाश विखुरला असता. या त्यागाची किंमतही तशीच मोठी आहे. केंद्रकच नसल्याने या तंतूंना नवे प्रथिन घडविता येत नाही. नवे तंतू बाहेरच्या बाजूस चढत जातात व जुने गाभ्यात दडपले जातात. त्यामुळे सत्तर वर्षांच्या माणसाच्या भिंगाच्या गाभ्यात जी प्रथिने असतात ती जन्माच्या आगेमागे घडलेली असतात. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनाचा माग घेऊन डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ साली याचा प्रत्यक्ष पडताळा दिला. रक्तातील प्रथिने दिवसांच्या वा आठवड्यांच्या हिशेबाने बदलतात. भिंगातील प्रथिनास मात्र बदली कामगार मिळत नाही.

या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. त्यांचे अल्फा, बीटा व गामा असे तीन मुख्य वर्ग आहेत. (बदकाच्या भिंगातील एक क्रिस्टॅलिन म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे नेहमीचे विकरच आहे, असे १९८७ साली आढळले. एकाच शब्दाने संदर्भपरत्वे दोन अर्थ वाहावेत, तसाच हा प्रकार. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.) इतके दाट द्रावण दुधासारखे पांढरे न दिसता पाण्यासारखे पारदर्शक का असते, याचे उत्तर बेनेडेक यांनी १९७१ साली मांडले, आणि दिले व तार्द्यू यांनी १९८३ साली प्रयोगाने त्यास पुष्टी दिली. पारदर्शकतेसाठी स्फटिकासारखी काटेकोर मांडणी लागत नाही. शेजारशेजारचे रेणू दाटीमुळे एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर राहिले, एवढी जवळपासची शिस्त पुरते. ही शिस्त मोडून रेणूंचे पुंजके बनू लागले, आणि एकेक पुंजका सुमारे पाच कोटी डाल्टनांच्या पलीकडे गेला, की तो प्रकाश विखुरू लागतो. मोतीबिंदू म्हणजे मुळात हे विखुरणे होय. प्रकाश अडत नाही, तो भरकटतो. म्हणूनच रोग्यास आरंभी अंधार न दिसता समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रखर झोत पसरलेला दिसतो.

पुंजके बनू नयेत यासाठी भिंगात एक योजना आहे. अल्फा क्रिस्टॅलिन हे केवळ भरणाद्रव्य नसून, विस्कटू लागलेल्या अन्य प्रथिनांस धरून ठेवून त्यांचा साका होऊ न देणारे प्रथिन आहे, असे हॉर्विट्झ यांनी १९९२ साली दाखविले. अशा प्रथिनांस इंग्रजीत जे नाव आहे त्यास मराठीत ‘पाठराखीण’ याहून समर्पक प्रतिशब्द मला सुचत नाही. सासरी निघालेल्या नव्या नवरीसोबत पाठराखीण जाते, ती काही संसार करीत नाही. नवरी गांगरून जाऊ नये एवढेच ती पाहते. परंतु भिंगातील ही पाठराखीण आधार दिलेल्या प्रथिनास पुन्हा मूळ घडीवर आणू शकत नाही. ती त्यास नुसते धरून बसते, आणि या कामात स्वतः खर्ची पडते. गाभ्यातील मोकळे, विद्राव्य अल्फा क्रिस्टॅलिन चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास जवळजवळ संपलेले असते. हे वाचताना माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्याने पुस्तक क्षणभर खाली ठेवले तर त्यात नवल नाही.

मग प्रथिने विस्कटतात ती कशाने? कारणे अनेक आहेत व ती एकमेकांस हात देतात. अस्पॅराजीन व ग्लुटामीन या अमीनो आम्लांतील अमाइड गट कालांतराने आपोआप गळून जातो व तेथे ऋण विद्युत्‌भार येतो. त्यामुळे रेणूची घडी सैलावते. अस्पार्टिक आम्लाचे काही रेणू आपल्या आरशातील प्रतिबिंबासारखे उलट रूप धारण करतात. प्रथिनांच्या शेंड्यांचे तुकडे पडतात. या सर्वांहून मोठा वाटा ऑक्सिडीकरणाचा आहे. तरुण भिंगात ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य मुबलक असते. मध्यम वयानंतर ते बाहेरच्या थरातून गाभ्याकडे पूर्वीसारखे पोचत नाही. मग सिस्टीन या अमीनो आम्लांतील गंधक उघडे पडते आणि दोन गंधकांच्या सांध्याने एक रेणू दुसऱ्यास कायमचा जखडला जातो. मधुमेहात साखर प्रथिनास चिकटून हेच काम निराळ्या मार्गाने करते. गाभा प्रथम पिवळसर व मग तपकिरी होतो तो अशाच बदलांमुळे.

वार्धक्याचे हे बदल हजारो व सरमिसळ असल्याने त्यांतील नेमका कोणता दोषी हे ठरविणे कठीण जाते. जन्मजात मोतीबिंदूत मात्र कारण एकटे सापडते. गामा-डी क्रिस्टॅलिनमध्ये सुमारे पावणेदोनशे अमीनो आम्ले आहेत. त्यांपैकी तेविसाव्या जागी प्रोलीनऐवजी थ्रिओनीन आल्याने होणारा मोतीबिंदू २००२ साली एका भारतीय कुटुंबात नोंदला गेला. पुढील अभ्यासात असे दिसले की, या प्रथिनाची घडी जवळजवळ शाबूत असते. बिघडते ती केवळ त्याची विद्राव्यता. म्हणजे प्रथिन ‘मोडले’ तरच मोतीबिंदू होतो असे नाही. शेजाऱ्यांशी त्याचे वागणे बदलले तरी पुरते. एका वर्णाच्या पालटाने अर्थ फिरतो हे आपण रोज शिकवितो, पण येथे अर्थ कायम राहून वाक्यातील अन्वय तेवढा बिघडला आहे.

आता सिहोऱ्याकडे वळू. हा भाताचा मुलूख आहे. रोवणीच्या दिवसांत बायामाणसे पाण्याने भरलेल्या बांधीत तासन्‌तास वाकून उभी असतात. ऊन वरून येते आणि पाण्यावरून परावर्तित होऊन खालूनही येते. अमेरिकेतील चेसापीक उपसागरावरच्या कोळ्यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात अतिनील किरणांचा संबंध भिंगाच्या बाह्य थरातील मोतीबिंदूशी आढळला, गाभ्यातील मोतीबिंदूशी नव्हे. हा भेद विसरून सर्व दोष उन्हास देणे योग्य होणार नाही. त्याहून जवळची पाहणी नागपूरची आहे. उघडे, झोडपे व खानोलकर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हातील काम, स्वस्त इंधनावरचा स्वयंपाक, मधुमेह, अतिसाराचा पूर्वेतिहास व दारिद्र्य यांचा मोतीबिंदूशी संबंध दिसून आला. अतिसाराचा मुद्दा १९८४ साली रायपूर येथील पाहणीतून पुढे आला होता. भंडाऱ्याच्या पूर्वेस त्याच लोहमार्गावरचे ते शहर, आणि तोही भाताचाच प्रदेश. तीव्र निर्जलीकरणात रक्तातील युरिया वाढतो, त्यापासून बनणारे सायनेट प्रथिनातील लायसिनास चिकटते, आणि प्रथिनाचा विद्युत्‌भार बदलतो, अशी त्यामागची उपपत्ती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती सुबक आहे. परंतु नंतरच्या काही पाहण्यांनी तिला दुजोरा दिला नाही. माझ्या मते हा प्रश्न अद्याप मिटलेला मानू नये.

राहिला ‘पिकण्या’चा व्यवहारातील अर्थ. येथे मात्र हा शब्द माणसास फसवितो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भिंगाचा बाह्य थर पूर्ण गढूळ झाल्यावाचून तो स्वच्छ काढून घेणे अवघड जाई; म्हणून वैद्य स्वतःच ‘पिकू द्या’ असे सांगत, आणि त्या काळी ते योग्यच होते. १९४९ साली रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले व १९६७ साली केल्मन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. छोट्या छेदाच्या हातशस्त्रक्रियेने तर हे काम आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. आज वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. उलट जुना गाभा कठीण होत जातो व काढावयास त्रास देतो. आणि फळ जसे पिकून सडते, तसे हेही सडते. बाह्य थराचा द्रव होतो, प्रथिनांचे अवजड पुंजके भिंगाच्या वेष्टनातून बाहेर झिरपतात, डोळ्यातील पाण्याचा निचरा होण्याची वाट बुजते, आणि डोळ्याचा दाब एकाएकी वाढून तीव्र वेदना होतात. एवढ्यावरही उपचार लांबला तर दृष्टीची मज्जाच मरते.

दाबाच्या अशा रोगास आपण ‘काचबिंदू’ म्हणतो, आणि येथे नावाने दुसरा घात केला आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत तिमिर, काच व लिंगनाश या एकाच व्याधीच्या चढत्या पायऱ्या होत. आजचा काचबिंदू हा मोतीबिंदूहून सर्वस्वी निराळा रोग असून, त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. पण ‘बिंदू’ हे उपपद समान असल्याने एक पिकतो तसा दुसराही पिकेल, अशी समजूत मी सिहोऱ्यास एकाहून अधिक जणांकडून ऐकली. वर उल्लेखिलेल्या वृद्ध गृहस्थांच्या डाव्या डोळ्यास केव्हाच दिसेनासे झाले होते. तोही पिकण्याची ते वाट पाहत होते. त्या डोळ्याची बाहुली मला काळीभोर दिसली. मोत्याची छटा तीत नव्हती. मी वैद्य नसल्याने त्यावरून काही निदान करणे उचित नव्हते, एवढेच म्हणालो की, दोन्ही डोळे एकदा दाखवून घ्यावेत. ते हसून म्हणाले, धान कापून झाले की जाऊ.

औषधाच्या थेंबांनी हे पुंजके पुन्हा विरघळतील काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. २०१५ साली लॅनोस्टेरॉल या द्रव्याविषयी तसा दावा झाला व पुष्कळ आशा निर्माण झाली. नंतर माणसाच्या भिंगांतून काढलेल्या गाभ्यांवर केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही. गंधकाचे सांधे, तुटलेले शेंडे, तपकिरी झालेली प्रथिने यांचा विचार करता ते अनपेक्षितही नव्हते. बाजारात मोतीबिंदू ‘विरघळविणारे’ म्हणून जे थेंब विकले जातात, त्यांपैकी एकाचाही तसा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही. सिहोऱ्याच्या त्या घरी फळीवर अशी एक बाटली होती, अर्धी रिकामी.