एंजिन बदलल्यावर पाणी कां उकळतें?

मोटारीचें जुनें एंजिन काढून दुसरें बसविलें आणि पहिल्याच घाटांत पाणी उकळलें, म्हणजे मालक एंजिनालाच दोष देतो. श्रोतेहो, माझ्या पुतण्यानेंही तेंच केलें. एंजिन पुन्हां उतरविण्याचें ठरलेंही होतें. दोष निघाला तो आंत अडकलेल्या हवेचा!

एंजिन बदलतांना सारें पाणी काढावें लागतें. भरतांना उंच कोपऱ्यांत हवा कोंडून राहते. थर्मोस्टॅटभोंवतीं हवा असली, कीं गरम पाणी त्यास लागत नाहीं, तो वेळेवर उघडत नाहीं आणि रेडिएटरची वाट बंद राहते. यासाठीं थंड गाडीचें तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण उघडून, कूलंट मिसळलेलें पाणी सावकाश भरावें. मग झाकण काढलेलें असतांनाच एंजिन चालवावें; बुडबुडे निघून पातळी उतरेल तसें पाणी घालावें. बुडबुडे थांबतच नाहींत, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

गळतीचें गणित निराळें. समुद्रसपाटीवर उघडें पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. झाकणानें चौरस इंचास १५ पौंडांचा दाब धरला, तर सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. म्हणून थेंबभर गळतीनें पाण्यापेक्षां दाबाची हानि अधिक. थंड एंजिनास हातपंपानें झाकणाइतकाच दाब देऊन काटा उतरतो का, तें पाहावें. गाडी एकदां तापून निवल्यावर नळ्यांच्या क्लिपा पुन्हां आवळाव्या. एवढ्यासाठीं थांबणारा कारागीर विरळा. जुनें झाकण बदलावें, पण तापलेल्या एंजिनावर तें कधींही उघडूं नये. उसळलेल्या पाण्यानें तोंड भाजतें.