विश्लेषण : दारे बंद करून खेळलेला सामना, चोरून राज्याबाहेर पडलेला संघ… अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचे चाहते कोणत्या विस्मृतीतल्या लढती जपून आहेत?

मार्च महिना आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा ज्वर चढतो. ‘एनसीएए’च्या स्पर्धेत ६८ संघ उतरतात, एक सामना हरला की थेट घरी. या तीन आठवड्यांना तिकडे ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात. त्या काळात टीव्हीवर आणि मोबाइलवर जुन्या सामन्यांच्या त्याच त्या चित्रफिती फिरतात. १९८२ च्या अंतिम सामन्यात कोवळ्या मायकल जॉर्डनने मारलेला विजयी फटका, १९८३ मध्ये जिंकल्यावर मिठी मारायला कुणी मिळेना म्हणून मैदानभर धावणारे प्रशिक्षक जिम वाल्व्हानो, १९९२ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या ख्रिश्चन लेटनरने शेवटच्या क्षणी केलेला गुण. हे सगळे पाठ झालेले आहे.

पण जुन्या चाहत्यांमध्ये बसले की गप्पा वेगळ्याच सामन्यांकडे वळतात. त्यातले काही सामने टीव्हीवर दिसले नाहीत. एकाची तर वर्तमानपत्रात ओळही छापून आली नाही. मग ते लक्षात राहिले कसे?

पत्रकारांना ‘छपाईची चूक’ वाटलेला निकाल कोणता?

२३ डिसेंबर १९८२. हवाई बेटांवरील होनोलुलू शहर. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ तेव्हा देशात अव्वल क्रमांकावर होता आणि त्या मोसमात एकही सामना हरला नव्हता. त्यांच्याकडे राल्फ सॅम्पसन होता, उंची सात फूट चार इंच. दोनच आठवड्यांपूर्वी या संघाने पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाऊनला हरवले होते. जपानमधले सामने आटोपून परतताना वाटेत हवाईला थांबायचे, एक सोपा सामना खेळायचा आणि नाताळला घरी पोहोचायचे, असा बेत होता.

समोर होते शॅमिनाड. हजाराच्या आत विद्यार्थी असलेले छोटे कॅथलिक विद्यापीठ. ते एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत नव्हतेच. लहान महाविद्यालयांच्या ‘एनएआयए’ या संघटनेत खेळायचे. त्यांच्याकडे स्वतःची धड व्यायामशाळाही नव्हती, सराव शेजारच्या शाळेत चालायचा.

शॅमिनाडच्या टोनी रँडॉल्फवर सॅम्पसनला रोखण्याची जबाबदारी होती. दोघांच्या उंचीत अर्ध्या फुटाहून जास्त फरक. मात्र रँडॉल्फ मूळचा व्हर्जिनियाचाच, शाळेत असताना सॅम्पसनविरुद्ध खेळलेला. त्याने बास्केटजवळ झुंजण्याऐवजी लांबून फटके मारायला सुरुवात केली. त्याला अडवायचे तर सॅम्पसनला बास्केट सोडून पुढे यावे लागणार, आणि तो पुढे आला की मागे जागा मोकळी. हिशेब इतका सरळ होता. रँडॉल्फने १९ गुण केले, सॅम्पसन १२ गुणांवर अडला. शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२. सॅम्पसन जपानमध्ये आजारी पडला होता हे खरे, पण या सामन्यात तो खेळला आणि त्याने १७ रिबाऊंडही घेतले, त्यामुळे ती सबब फारशी टिकत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मुख्य भूमीवर सामन्याचे थेट प्रक्षेपण नव्हते. अनेक वर्तमानपत्रांची पाने छपाईला गेली होती. तारेने आलेला आकडा पाहून काही कचेऱ्यांमधून फेरतपासणीचे फोन गेले, कारण नावांची अदलाबदल झाली असावी असेच वाटत होते. त्या रात्री प्रेक्षागृहात काही हजार माणसे होती; बाकी देशाने हा सामना फक्त ऐकला, तोही दुसऱ्या दिवशी.

या निकालातून एक कायमची गोष्ट मात्र उभी राहिली. १९८४ पासून शॅमिनाडच्या यजमानपदाखाली हवाईमध्ये ‘माउई इन्व्हिटेशनल’ ही स्पर्धा सुरू झाली. देशातले बडे संघ नोव्हेंबरमध्ये लाहाइना गावातल्या छोट्याशा सभागृहात खेळायला येऊ लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लाहाइना वणव्यात होरपळले, तेव्हा त्या वर्षीची स्पर्धा होनोलुलूला हलवावी लागली.

‘पहिल्यांदाच घडले’ असे म्हणताना कोण विसरले?

व्हर्जिनियाच्या नशिबी अशीच आणखी एक रात्र होती. १६ मार्च २०१८ रोजी अव्वल मानांकित व्हर्जिनियाला १६ व्या मानांकित ‘यूएमबीसी’ने ७४-५४ असे झोपवले. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत १६ वे मानांकन मिळालेले संघ पहिल्या मानांकितांविरुद्ध सलग १३५ सामने हरले होते. ‘इतिहासात प्रथमच’ अशा सूचना जगभरच्या मोबाइलवर झळकल्या.

आणि लगेच काही चाहत्यांनी आठवण करून दिली : प्रथमच नव्हे, दुसऱ्यांदा. १४ मार्च १९९८ रोजी महिलांच्या स्पर्धेत १६ व्या मानांकित हार्वर्डने अव्वल मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असे हरवले होते. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने एकटीने ३५ गुण केले. आयव्ही लीगमधली विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, म्हणजे या मुली खेळाच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या नव्हत्या. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होत्या, हेही नमूद करायला हवे. तरी वीस वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट ‘घडलीच नव्हती’ असे बातम्यांनी धरून चालणे, यात महिलांच्या खेळाकडे कोण किती पाहत होते याचे उत्तर आहे.

एक संघ स्वतःच्याच राज्यातून का निसटला?

आता थोडे मागे, १९६३ मध्ये. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात तेव्हा वर्णभेद इतका कडक होता की, जिथे समोर कृष्णवर्णीय खेळाडू असतील तिथे राज्यातल्या गोऱ्या महाविद्यालयांनी खेळायचेच नाही, असा अलिखित नियम होता. कायद्याच्या पुस्तकात तो नव्हता, पण पाळला जात असे. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ त्या काळात जोरात होता. १९५९, १९६१ आणि १९६२ अशी तीन वर्षे त्याला राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याची संधी होती. तिन्ही वेळा तो घरी बसला.

१९६३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड यांनी ठरवले की या वेळी जायचे. हा निर्णय साधा नव्हता. जेमतेम पाच-सहा महिन्यांपूर्वी, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात दंगल होऊन दोन माणसे मेली होती. गव्हर्नर रॉस बार्नेट यांचा संघ पाठवण्यास विरोध होता. काही राजकारण्यांनी न्यायालयातून संघाविरुद्ध मनाई आदेशही मिळवला.

आदेश बजावायचा तर ज्याच्यावर बजावायचा तो माणूस सापडायला हवा. म्हणून प्रशिक्षक बेब मॅकार्थी आधीच राज्याची हद्द ओलांडून गेले. कोल्व्हार्डही शेजारच्या अलाबामात पोहोचले. खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने निघाले. आपल्याच संघाने स्पर्धेला जाताना पोलिसांना चुकवावे, अशी वेळ आली होती.

१५ मार्च १९६३ रोजी मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंग येथे त्यांची गाठ शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी पडली. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि तेव्हा उत्तरेतही हे सर्रास दिसणारे चित्र नव्हते. सामन्याआधी मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड आणि लोयोलाचा कर्णधार जेरी हार्कनेस हस्तांदोलनासाठी मध्यभागी आले. चारी बाजूंनी कॅमेऱ्यांचे दिवे चमकले. हा आपल्या रोजच्या सामन्यांसारखा सामना नाही, हे त्या लखलखाटातच आपल्याला कळले, असे हार्कनेस पुढे अनेकदा सांगत.

सामना स्वच्छ झाला, कुठेही बाचाबाची नाही. लोयोलाने तो ६१-५१ असा जिंकला. मिसिसिपी स्टेट परतले तेव्हा कुणाला अटक झाली नाही. लोयोलाने पुढे अंतिम सामन्यात, सलग दोन वर्षे विजेत्या असलेल्या सिनसिनाटीला अतिरिक्त वेळेत ६०-५८ असे हरवले. त्या सामन्यात लोयोलाने एकही बदली खेळाडू उतरवला नाही. पाचच जण, पूर्ण ४५ मिनिटे. एकेकाळी १५ गुणांनी मागे पडूनही.

या लढतीला पुढे ‘गेम ऑफ चेंज’ हे नाव मिळाले. तरी कित्येक वर्षे लोयोलाच्या आणि मिसिसिपीच्या जुन्या चाहत्यांपलीकडे ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती. २०१८ मध्ये लोयोला पुन्हा अंतिम चार संघांत पोहोचले. सगळे कॅमेरे ९८ वर्षांच्या सिस्टर जीन यांच्याकडे वळले. त्या निमित्ताने १९६३ चे छायाचित्रही पुन्हा फिरू लागले. गोल्ड यांचे २०११ मध्ये निधन झाले. हार्कनेस अंत्यसंस्काराला गेले तेव्हा शवपेटीजवळ तेच हस्तांदोलनाचे छायाचित्र ठेवलेले त्यांनी पाहिले. हार्कनेसही २०२१ मध्ये गेले.

ज्याची नोंदच झाली नाही तो सामना उजेडात कसा आला?

१९६३ च्या सामन्याचे निदान छायाचित्र आहे. त्याच्या १९ वर्षे आधी, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात जे घडले त्याचा कागदही मागे राहू नये, अशी काळजी घेण्यात आली होती.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत झाला. जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधला. तेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकवत असताना जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला. विद्यापीठाच्या संघात त्याच्या रंगामुळे त्याला जागा नव्हती. खेळाच्या जनकाकडून खेळ शिकायचा, पण खेळायचे नाही, अशी ती गत. (गंमत म्हणजे कॅन्ससच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकांमध्ये जिंकण्यापेक्षा हरण्याचे आकडे जास्त असलेले एकटे नेस्मिथच.)

१९४४ मध्ये मॅक्लेंडन २८ वर्षांचे होते आणि डरहॅममधल्या ‘नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज’ या संस्थेचे प्रशिक्षक होते. त्यांचा संघ धावत खेळायचा. चेंडू मिळाला की थांबायचे नाही, समोरच्याला उभे राहायला वेळच द्यायचा नाही. त्या मोसमात हा संघ एकच सामना हरला होता. पण कृष्णवर्णीय महाविद्यालयांना राष्ट्रीय स्पर्धांचे दरवाजे बंद. आपण नक्की किती चांगले आहोत, हे तपासायला मोजपट्टीच नव्हती.

त्याच शहरात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा संघ होता. महायुद्धामुळे लष्करी प्रशिक्षणाखाली देशभरातून तिथे आलेल्या विद्यार्थ्यांत आधी इतर महाविद्यालयांकडून खेळलेले चांगले खेळाडू होते. ड्यूकच्या मुख्य संघापेक्षाही हा संघ सरस मानला जाई. दोन्हीकडच्या काही विद्यार्थ्यांच्या वायएमसीएच्या निमित्ताने गुपचूप भेटी होत. तिथे कोण भारी यावर बोलणे झाले आणि आव्हान दिले गेले.

धोका खरा होता. त्याच वर्षी जुलैमध्ये डरहॅममध्ये बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला, बसमध्ये मागच्या जागेवर जाण्यावरून झालेल्या वादानंतर बसचालकाने गोळ्या घालून मारले. चालक निर्दोष सुटला. अशा शहरात गोरे आणि काळे एकाच मैदानावर एकमेकांच्या अंगाला अंग लावून खेळणार होते.

दिवस ठरला रविवार, १२ मार्च १९४४. वेळ सकाळची, कारण तेव्हा सगळे शहर, पोलिसांसह, चर्चमध्ये असते. ड्यूकचे खेळाडू मागून आणलेल्या मोटारींतून वळणावळणाच्या रस्त्याने आले. उतरताना त्यांनी कोट डोक्यावरून ओढून घेतले. ते आत गेले आणि व्यायामशाळेच्या दारांना कुलूप लागले. आत प्रेक्षक नव्हते. मात्र पंच होता, घड्याळ होते, गुणफलक होता. कुणकुण लागलेले काही विद्यार्थी खिडक्यांना लोंबकळून पाहत राहिले.

सुरुवातीला दोन्ही संघांचे हातपाय थरथरत होते, चेंडू हातातून निसटत होते. मग मॅक्लेंडन यांच्या मुलांना त्यांची गती सापडली. शेवटचा आकडा ८८-४४. बरोबर दुप्पट. चाळीस-पन्नास गुणांत सामने संपण्याच्या काळात ८८ हा आकडाच वेगळ्या जगातला होता.

त्यानंतर जे घडले ते चाहत्यांना सामन्याहून जास्त भावते. थोडी विश्रांती घेऊन त्यांनी पुन्हा खेळायचे ठरवले, आणि या वेळी संघ मिसळले. एका बाजूने शर्ट काढले, दुसऱ्या बाजूने ठेवले. दोन्ही बाजूंना गोरे आणि काळे. खेळ संपल्यावर पाहुणे वसतिगृहात गेले आणि सगळे मिळून गप्पा मारत बसले.

स्थानिक कृष्णवर्णीय साप्ताहिकाच्या बातमीदाराला हे कळले होते. मोसमातली सर्वात मोठी बातमी हातात असताना त्याने ती छापली नाही. छापली असती तर मॅक्लेंडन यांची नोकरी गेली असती, कदाचित त्याहून वाईट झाले असते. मॅक्लेंडन यांनी पुढे टेनेसी स्टेटला १९५७ ते १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली, पण या सामन्याबद्दल ते जाहीरपणे बोलले नाहीत. नव्वदच्या दशकात स्कॉट एल्सवर्थ हे इतिहासकार त्यांच्याशी बोलत असताना तो विषय निघाला. एल्सवर्थ यांनी मग दोन्ही बाजूंचे वयोवृद्ध झालेले खेळाडू शोधून काढले, प्रत्येकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहिली. मार्च १९९६ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिकात त्यांचा लेख आला. सामन्याला ५२ वर्षे झाली होती. २०१५ मध्ये त्यावर त्यांचे ‘द सीक्रेट गेम’ हे पुस्तकही आले.

मॅक्लेंडन १९९९ मध्ये वारले. त्यांना नेस्मिथ यांच्याच नावाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये १९७९ मध्ये खेळातील योगदानासाठी आणि २०१६ मध्ये, मरणोत्तर, प्रशिक्षक म्हणून असे दोनदा स्थान मिळाले. डरहॅममधल्या त्या महाविद्यालयाचे आता नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी झाले आहे. तिथला संघ आज ज्या बंदिस्त मैदानात खेळतो, त्याच्या नावात मॅक्लेंडन आहेत. आणि काही मैलांवरच्या ड्यूकला आपला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू सी. बी. क्लेबोर्न मिळायला, त्या रविवारनंतर आणखी दोन दशके लागली.