उठवलेल्यांचे पुतळे

सिंगापूरला गेलेला मराठी पर्यटक मरलायनसमोर फोटो काढल्याशिवाय परतत नाही. सिंहाचं डोकं, माशाचं धड, तोंडातून पाण्याची धार. लिम नांग सेंग यांनी घडवलेला ८.६ मीटर उंच, ७० टनी मरलायन १९७२मध्ये सिंगापूर नदीच्या मुखाशी बसला. पुढे नवा पूल आडवा आला, म्हणून २००२मध्ये त्याला १२० मीटर हलवावं लागलं. मुळात ते १९६४ सालचं पर्यटन मंडळाचं बोधचिन्ह. फोटो झाले की टूरची बस निघते, आणि चार पावलांवरची, या शहराचा इतिहास सांगणारी शिल्पं बघायची राहून जातात.

१८१९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स इथे उतरला आणि जेमतेम तीन किलोमीटरची ही नदी बंदराची धमनी झाली. मोठी जहाजं बाहेर नांगरायची. माल होड्यांतून बोट क्वेच्या धक्क्याला लागायचा. होड्यांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असत. धक्क्यावरून गोदामापर्यंत पोती वाहायची चिनी आणि भारतीय हमालांनी. दीडशे वर्षांत नदीचं गटार झालं. १९७७मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नदी स्वच्छ करण्याचा हुकूम सोडला. फेरीवाले, झोपड्या, काठावरचे छोटे कारखाने हलले. १९८३मध्ये होड्यांनाही पासिर पांजांगला धाडलं. १९८७ला नदी स्वच्छ होती. तिच्यावर पोट भरणारी माणसं मात्र काठावर उरली नव्हती.

मग २००० सालापासून ती ब्राँझमध्ये परत आली. कॅव्हेना पुलाजवळ चाँग फा चेओंग यांची पाच उघडीनागडी पोरं नदीत सूर मारताहेत. कुणी हवेत, कुणी उडीच्या बेतात. खाली खरंखुरं पाणी. जवळच ऑ टी हाँग यांच्या शिल्पात स्कॉटिश व्यापारी अलेक्झांडर जॉन्स्टन चिनी आणि मलय व्यापाऱ्यांशी बोलतोय, तर बाजूला हमाल बैलगाडीत पोती चढवताहेत. सौदा कोणाचा आणि ओझं कोणाच्या पाठीवर, हे सांगायला पाटी लागत नाही. पलीकडच्या काठावर चर्न लियान शान यांनी तमिळ चेट्टियार सावकार आणि आजची शेअर दलाल तरुणी एकाच शिल्पात आणली आहे. आपल्याला पुतळा म्हटलं की उंच चौथरा, भोवती कठडा आणि जयंतीचा हार आठवतो. इथले हमाल वाटेवरच उभे आहेत. पोरंटोरं पोत्यावर हात टेकून फोटो काढतात.

चौथऱ्यावरचा मान अर्थात रॅफल्सलाच. थॉमस वूल्नरचा त्याचा ब्राँझ पुतळा १८८७चा. रॅफल्स उतरला त्या जागी १९७२पासून पांढरी प्रतिकृती आहे. २०१९मध्ये, त्याच्या आगमनाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, ही प्रतिकृती मागच्या इमारतीच्या रंगरेषांत अशी रंगवली, की एका कोनातून रॅफल्स जवळजवळ गायबच व्हावा! पुढे काही काळ त्याच्या शेजारी आणखी चौघे उभे केले गेले. त्यांत राजपुत्र सांग नीला उतामाबरोबर वीटभट्टीवाले व्यापारी नारायण पिल्लै होते. शहर एकट्या रॅफल्सने वसवलं नाही, याची ती जाहीर कबुली होती.

सगळंच इतकं सोज्वळ नाही. ब्राँझच्या हमालाच्या अंगाला घाम नाही, नदीला दुर्गंधी नाही. पर्यटकाला रुचेल इतपतच कष्ट इथे दिसतात. तरीही, ज्यांना उठवलं त्यांनाच पुन्हा नजरेच्या उंचीवर आणणं हे विसरून जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

पुढच्या सहलीत मरलायन झाला की टूर मॅनेजरकडे तासभर मागून घ्या. १८६९चा कॅव्हेना पूल पायीच ओलांडावा लागतो; दीडशे किलोवरच्या गाड्यांना, गुरांना आणि घोड्यांना मनाई करणारी जुनी पाटी तिथे अजून आहे. या शिल्पांना ना तिकीट, ना रांग.