फिल्टर तुंबला म्हणजे

पाणी गाळून प्यावे ही शिकवण आपल्याकडे नवी नाही. जुन्या लुगड्याची चौघडी करून घागरीच्या तोंडाला बांधणाऱ्या आजीला ती कुणी शाळेत शिकवली नव्हती. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, निवळीची बी घागरीला आतून घासावी, हेही तिला ठाऊक होते. आता पुष्कळ घरांत आणि शाळांत स्टीलचा दोन मजली फिल्टर आला आहे. वरच्या डब्यात पाणी ओतायचे, तळाशी चिनी मातीच्या पांढऱ्या कँडल बसवलेल्या, आणि खालच्या डब्याला तोटी. वीज नको की मेकॅनिक नको. पण हा फिल्टर काही आठवड्यांनी तुंबतो. तुंबला म्हणजे काय करावे आणि काय करू नये, हे आज सांगायचे आहे.

आधी माझीच फजिती ऐका. पावसाळ्याचे दिवस होते. रात्री भरलेल्या फिल्टरमधून सकाळी जेमतेम दोन तांबे पाणी मिळू लागले. मी कँडलचे खालचे नट जरा पिळून पाहिले, ते सैल झाले, आणि काय चमत्कार! पाणी धो धो खाली आले. मी घरात ऐटीत सांगितले, "बघा, एम. ए. झालेल्या माणसालाही फिल्टर दुरुस्त करता येतो!" दोनतीन दिवसांनी धाकटी मुलगी पेला उजेडात धरून म्हणाली, "बाबा, खालचं पाणी वरच्यासारखंच दिसतंय की!" त्याच आठवड्यात तिचे पोट बिघडले. ते त्या पाण्यानेच, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण मी दुरुस्ती केली नव्हती, कँडलच्या बाजूने पाण्याला चोरवाट करून दिली होती, एवढे मला पुरते उमगले.

आता ही कँडल काम कसे करते ते पाहू. मिलिमीटरचे हजार भाग कल्पा. त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू दोनेक मायक्रॉन लांबीचा. चांगल्या कँडलची छिद्रे एका मायक्रॉनच्याही आतबाहेर असतात. इतक्या बारीक वाटेने पाणी झिरपायचे, तर ते सावकाशच झिरपणार. अडलेली माती, शेवाळ, जंतू सारे कँडलच्या बाहेरच्या अंगावर बसते, त्याचा बुळबुळीत थर होतो आणि वाट बंद होते. म्हणजे तुंबलेला फिल्टर हा बिघडलेला फिल्टर नव्हे. त्याने आपले काम केले आहे; आता आपले काम बाकी आहे.

गाळणीचा हा संथपणा किती मोलाचा, याची एक खरी हकीकत आहे. 1892 साली जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारीच, अगदी भिंतीला भिंत लागून म्हणावे असे, आल्टोना हे गाव. दोघांचेही पाणी एल्ब नदीचे. उलट आल्टोनाचे पाणी हाम्बुर्गच्या खालच्या अंगाचे, म्हणजे अधिकच घाण. तरी आल्टोना बहुतांशी बचावले. कारण एवढेच, की हाम्बुर्ग पाणी तसेच पीत होते आणि आल्टोना ते वाळूच्या थरांतून गाळून घेत होते. पण पुढच्याच हिवाळ्यात आल्टोनातही थोडी साथ उठली. रॉबर्ट कॉख या विख्यात जंतुशास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा कडाक्याच्या थंडीत गाळणीची वाळू गोठल्याने तिचे काम बिघडल्याचे त्याला आढळले. त्यानंतर त्याने बजावले, की अशा वाळूतून पाणी ताशी 100 मिलिमीटरपेक्षा वेगाने उतरू देऊ नये. गाळणी असणे पुरेसे नाही. ती धड आहे की नाही हे पाहणारे कुणी तरी असावे लागते.

तर आता बाह्या सरसावा. पहिल्याने हात साबणाने धुवा. वरचा डबा रिकामा करून कँडलचे नट सोडवा आणि कँडल काढून घ्या. तिच्या नळीचे तोंड बोटाने बंद धरा, म्हणजे धुण्याचे घाण पाणी आत शिरणार नाही. मग पाण्याच्या धारेखाली, या कामासाठीच वेगळ्या ठेवलेल्या मऊ ब्रशने, हलक्या हाताने सगळीकडून घासा. बुळबुळीत थर जाऊन पांढरे अंग दिसले की पुरे. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून घ्या.

आता न करायच्या गोष्टी. साबण, सोडा, भांड्यांची पावडर कँडलला लावू नका. ती छिद्रांत मुरते आणि मग पाण्यात उतरत राहते. तारेची घासणी नको, राख नको. कँडल उकळत्या पाण्यात टाकायची तर डब्यावर तसे लिहिले असेल तरच. आणि गरम कँडलवर गार पाणी तर कधीच ओतू नका, ती तडकते. सुईने किंवा खिळ्याने छिद्र मोठे करण्याची अक्कल कुणाला सुचली, तर त्याचा हात धरा.

दोन्ही डबे आणि तोटी मात्र साबणाने चांगली धुवा. खालच्या डब्यात पाणी स्वच्छ दिसते म्हणून आपण तिकडे महिनोन्महिने पाहत नाही, आणि तिथेच आतून शेवाळी धरते.

कँडल पुन्हा बसवताना रबरी वायसर जागच्या जागी आहेत ना, ते पाहा. नट हातानेच घट्ट करा; पकडीने पिळाल तर कँडल तिच्या बुडापासून निखळेल. मग वरच्या डब्यात पाणी ओतून खालून निरखा. थेंब फक्त नळीच्या तोंडातून पडले पाहिजेत. नटाच्या कडेने पाणी ओघळत असेल तर तीच माझी चोरवाट! वायसर नीट बसवा किंवा नवा घ्या. पहिल्या भरीचे पाणी पिऊ नका, झाडांना घाला. कँडलला केसाएवढी चीर गेली, घासून घासून ती बारीक झाली, किंवा साफ करूनही पाणी उतरेना, तर जीव अडकवू नका, नवी आणा.

आजीची लुगड्याची चौघडी मात्र सोडू नका. ओतण्याआधी पाणी तिच्यातून गाळलेत, पावसाळ्यात तुरटीने निवळून घेतलेत, तर कँडल पुष्कळ दिवस तुंबणार नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत साडीचे सुती कापड अनेक पदरी करून पाणी गाळले, तर पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आजी काही अडाणी नव्हती.

पण फिल्टरवर भलता भरवसाही नको. काविळीचा विषाणू जंतूपेक्षा कितीतरी पट लहान. तो कँडलमधून सहज निसटतो. म्हणून साथीच्या दिवसांत गाळलेले पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळा, किंवा सांगितलेल्या मापाने क्लोरीन घाला. आधी गाळा, मग उकळा. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर निम्मा मातीवरच खर्च होतो. चंद्रपूर, यवतमाळकडे काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड असते. पाण्यात विरघळलेले असे क्षार ना कँडलने जातात, ना उकळून.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. नव्या कँडलने वरचा डबा किती तासांत रिकामा होतो, ते मुलांकडून मोजून घ्या आणि फिल्टरजवळच्या भिंतीवर तो आकडा लिहा. त्याखाली साफसफाईची तारीख लिहीत चला. वेळ दुप्पट झाली की फिल्टर धुवायचा. आणि एखाद्या दिवशी पाणी अचानक भराभर उतरू लागले, तर मुलांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत. तोटी बंद करून गुरुजींना बोलवायचे. ही एवढी गोष्ट मला वेळीच ठाऊक असती, तर त्या पावसाळ्यात मी ऐट मिरवली नसती.