पाऊस राजूरचा, लोकर कोरड्या मुलखाची

राजूरहून भंडारदऱ्याच्या वाटेने घाटघरकडे निघाले, की पावसाचा आकडा गावागणिक चढत जातो. घाटघर-रतनवाडी पट्ट्यात वर्षाकाठी 4000 ते 5000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. राजूरच्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, पारनेर-कर्जतकडे, 500 मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. नवल असे, की डांगाणातला, म्हणजे या पावसाळी पट्ट्यातला, शेतकरी भाताच्या आवणीच्या चिखलात उभा राहताना डोक्यावरून जी घोंगडीची खोळ घेई, तिची लोकर अशाच कोरड्या मुलखात वाढणाऱ्या दख्खनी मेंढीची.

या मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार मानतात. संगमनेर तर राजूरच्या अकोले तालुक्याला खेटूनच आहे. वर्षातून दोनदा कातरूनही एका मेंढीची लोकर जेमतेम अर्धा किलो भरते. ती बहुतेक काळी, राठ आणि आखूड. स्वेटरच्या बाजारात तिला कोणी विचारत नाही, आणि त्याचे कारण मोजून सांगता येते. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू साधारण 24 मायक्रॉनच्या आत असतो. तंतू 30 मायक्रॉनच्या पुढे गेला, की त्याचे टोक कातडीला लागून वाकत नाही, उलट टोचते. दख्खनी लोकरीत असे जाड तंतू भरपूर, शिवाय त्यांतले बरेच आतून पोकळ. बाळाचे टोपरे या लोकरीचे विणणे म्हणजे बाळाशी वैरच!

पण पावसात हीच लोकर कामाला येते. कोणतीही लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. ओलाव्याने तंतू फुगतात, त्यामुळे घट्ट विणीतल्या फटी आणखी बुजतात. राठ तंतू दबून सपाट होत नाहीत. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते आणि हुडहुडी भरवते. मेंढीच्या अंगची चरबी, म्हणजे लॅनोलिन, पाणी परतवते हे खरे. मात्र दख्खनी लोकरीत ती मेरिनोपेक्षा कमीच असते. चरबीचा मान या भागात द्यायचा तर तो डांगी गाईबैलांना. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून ती मुसळधार पावसातही तग धरतात. याच डांगी जनावरांचे प्रदर्शन राजूरला भरते.

घोंगडीचे सूत चातीवर कातले जाते, उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात आणि सनगर कारागीर खड्डामागावर ती विणतात. खळ दिली नाही तर राठ धागे एकमेकांत गुंतून मागावरच तुटतील.

आता सुईवाल्यांसाठी. दुकानात ‘वूल’ म्हणून मिळणारे लडे पुष्कळदा निव्वळ ॲक्रिलिकचे असतात. शंका आली तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक वाईट नव्हे. धुवायला सोपे, स्वस्त, कसर लागत नाही. पण ओलावा ते एक-दोन टक्केच घेते, म्हणून घामेजलेल्या अंगाला ते कोंदट वाटते. उन्हाळी झबल्याला सूत घ्यावे. सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, वारंवार धुतला तरी निभावतो. लोकरीचे उलट: ओलेपणी ती थोडी कमकुवत होते, आणि गरम पाणी, साबण व चोळणे एकत्र आले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून स्वेटर आटतो.

धागा ठरला तरी लगेच टाके घालायला बसू नये. फोर प्लाय धाग्यासाठी 10 नंबरच्या, म्हणजे 3.25 मिलिमीटरच्या सुया घेऊन तळहाताएवढा नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मगच टाके मोजावेत. सगळे लडे एकाच लॉटचे आहेत ना, हे पट्टीवर पाहावे. रंगातला फरक विजेच्या दिव्याखाली लपतो आणि उन्हात उघडा पडतो.

दख्खनी लोकरीला आज इतका कमी भाव आहे, की अनेक मेंढपाळ कातरण्याची मजुरी पदरची देतात आणि लोकर टाकून देतात. हाताने कातलेले तिचे सूत कुठे मिळालेच, तर जाड क्रोशाच्या सुईवर बैठकीचे आसन, पायपुसणे किंवा बाजारची पिशवी विणून पाहावी. जिथे कातडीशी संबंध नाही आणि झीज भरपूर आहे, तिथे ते मेरिनोला हार जाणार नाही.