एक गोचीड, अनेक जंतू

उन्हाळ्यात ट्रेलवरून फिरून आलेल्या कुत्र्याच्या कानामागे गोचीड सापडणं इथे अमेरिकेत काही नवीन नाही. पण नंतर ताप, खाणं कमी होणं, नाकातून रक्त येणं असं सुरू झालं, तर नेमका जंतू कोणता हा प्रश्न उभा राहतो.

दवाखान्यातली झटपट चाचणी बहुधा प्रतिपिंडं शोधते. म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली एवढं कळतं, तो आज अंगात आहे का हे कळत नाही. शिवाय एर्लिकियाच्या जाती इतक्या सारख्या की अशा चाचणीत त्यांची सरमिसळ होते.

पीसीआर थेट जंतूचा डीएनए शोधते. सगळ्या जिवाणूंमध्ये असलेल्या एका जनुकाचा काही भाग सगळीकडे जवळपास सारखा, तर काही भाग जातीनुसार वेगळा असतो. हा वेगळा तुकडा हेरून त्याच्या प्रती काढतात. दर फेरीत दुप्पट, म्हणजे 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर! (2 चा 30 वा घात, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या ओळखीचा आकडा.)

नॉर्थ कॅरोलिनातल्या एकाच ठिकाणच्या 27 वॉकर हाउंड कुत्र्यांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. पीसीआरमध्ये 15 कुत्र्यांत एर्लिकिया कॅनिस, 9 मध्ये शॅफीन्सिस, 8 मध्ये युइंगी आणि 16 मध्ये बार्टोनेला सापडला. बेरीज करून पाहा, 27 च्या कितीतरी पुढे जाते. एकेका कुत्र्यात दोन-तीन पाहुणे होते! सातांमध्ये तर बबेसियाही होता, आणि तो जिवाणू नव्हे, तांबड्या पेशींत राहणारा एकपेशीय परजीवी.

खरी मेख इथेच आहे. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, बबेसियाला त्याने आळा बसत नाही. एकाच जंतूवर उपचार झाले तर कुत्रा अर्धवट बरा होऊन पुन्हा आजारी पडतो.

म्हणून शक्यतो औषध सुरू करण्याआधीच पीसीआरसाठी रक्त द्यावं, नंतर जंतू कमी होऊन सापडत नाहीत. चाचणीत कोणकोणते जंतू तपासणार हेही विचारा, कारण यादीत नसलेला जंतू ती शोधतच नाही. 'निगेटिव्ह' आलं तरी कुत्रा आजारीच दिसत असेल तर प्रतिपिंडांची तपासणी जोडीला हवी, असं आम्हाला वाटतं. आणि कुत्रा भारतातून आणलेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया कॅनिस पसरतो, आणि तो कुत्र्याच्या अंगात लक्षणांशिवाय वर्षानुवर्षं राहू शकतो.